चाव्याची गोष्ट

आई : मला सांगायचीही गरज वाटली नाही तुला? परस्पर दवाखान्यात फोन करून नाव बदलून मोकळी झालीस?

ठमी : आत्ता सांगतेय ना, आई.

आई : आत्ता सांगतेस, कारण त्या बाईंचा उलटा फोन आला आणि नेमका मी उचलला. "बाळंतपणाच्या खोलीत आईऐवजी मिस्टर थांबणार, बरोबर ना?" म्हणे. काय बरोबर? जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांच्या लेकीबाळींचे फोन जोडून दिले मी, आणि माझ्या लेकीच्या मनातलं मला परकी बाई सांगणार!

बाबा : अगं, दिवस भरत आलेत तिचे. जरा सबुरीनं घे.

आई : तुम्ही मुकाट्यानं बिजागरीला तेल घाला.

बाबा : घालतोच आहे. बाळ झोपलेलं असताना दार कुरकुरायला नको.

आई : आणि निवडलंस कोणाला, तर त्याला! स्वतःच्या बोटात शिरलेलं कुसळ काढताना भिंत धरून खाली बसला होता तो, याच खोलीत. तिथे तुझ्यासाठी एक खाट मांडायची, त्याच्यासाठी दुसरी?

ठमी : शिकलाय तो. वर्गाला एकदाही दांडी मारली नाही त्याने.

आई : वर्ग! बाळंत व्हायचे वर्ग! एवढ्या थोरल्या चेंडूवर बसून डुलायचं, डोळे मिटायचे, फू फू करून फुंकर मारायची. आम्ही कुठल्या वर्गाला गेलो होतो गं?

ठमी : नव्हता गेलात. म्हणूनच तर.

आई : म्हणूनच तर काय? झालीसच ना तू? चांगली धडधाकट?

बाबा : आणि वर नर्सबाईंच्या हातावर दातांचा शिक्का! आमच्या हिने जाताना पोचपावती—

ठमी : बाबा, बास.

बाबा : अगं, गंमत—

ठमी : बास म्हटलं ना! त्याच गोष्टीपायी नाव बदललं मी. आता कळलं?

आई : कुठल्या गोष्टीपायी?

ठमी : चाव्याच्या! काल माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या होत्या. चहाचे कप अजून हातात होते त्यांच्या, आणि बाबांनी सुरू केलं. आमची ही बाळंतपणात नर्सला कशी चावली. आणि तू! तू उठून टॉवेल दातात धरलास आणि करून दाखवलंस!

आई : हसल्या की सगळ्या.

ठमी : सगळ्या नाही हसल्या. त्यातल्या एकीला तिसरा महिना आहे. तिने कप खाली ठेवला आणि पर्स शोधायला लागली. मी आत निघून गेले ते तुला दिसलंही नाही.

आई : मला वाटलं, बाथरूमला गेलीस. सारखी जातेस ना हल्ली.

ठमी : आई, मला समजायला लागलं तेव्हापासून ऐकतेय मी ही गोष्ट. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला, केक कापायच्या आधी! शाळेतल्या मुलांना वाटायचं, मी आईला चावून बाहेर आले. मीही तेच धरून बसले होते मनात, की तिथे माणसाचं जनावर होतं. दुसऱ्याला चावण्याइतकं. आता एवढी तयारी चालू आहे, मन स्थिर ठेवायचं, भीती काढून टाकायची, श्वास मोजायचा, आणि सोफ्यावर आई दातात टॉवेल धरून बसलेली!

आई : म्हणून मला बाहेर काढलंस.

ठमी : मला वाटलं, मी तिथे कळा देत असेन आणि तू पुढच्या गोष्टीसाठी मालमसाला जमवत असशील.

आई : ऐकलंत? ऐकलंत का लेक काय म्हणते ते? हेच ओळखलंस होय गं आईला! डोहाळे तुझे, पाय दाबायचे मी, ही जुन्या चादरीची दुपटी डोळे फोडून शिवायची मी, आणि मी तिथे तमाशा बघायला येणार!

बाबा : तिला तसं म्हणायचं नाहीये.

ठमी : मला अगदी तसंच म्हणायचंय, बाबा. तुम्ही मध्ये सारवासारव करू नका.

आई : करू देत की. आयुष्यभर तेच केलंय त्यांनी.

ठमी : आता एक विचारू? चिडणार नसशील तर.

आई : चिडलेच आहे. विचार.

ठमी : परवा आम्ही घरी सराव करत होतो. मी कुशीवर, तो पाठीशी. मला घाम आला म्हणून त्याने कपाळ पुसलं, आणि पुसता पुसता त्याचा तळवा माझ्या तोंडावरून गेला. नुसता गेला. मी असा काही झटका दिला त्याला, की तो मागे त्या चेंडूवर गेला, चेंडू सरकला आणि स्वारी कपाटात!

आई : म्हणून खांदा चोळत होता होय! मला म्हणाला, उशी बदलली.

ठमी : हसू नकोस, पुढचं ऐक. तो उठून बसला आणि मी तशीच पडून राहिले. म्हटलं, हात तोंडावर आला की असं होतं. मग आईच्या तोंडाशी त्या नर्सचा हात कशाला आला होता?

आई : म्हणजे?

ठमी : म्हणजे चावायला हात तोंडात यावा लागतो ना. तू काही उठून तिच्या मागे धावली नव्हतीस. आला कसा तिथे?

आई : आला असेल. हात काय, फिरतातच नर्सचे.

बाबा : पाणी पाजत होती ना ती?

आई : पाणी?

बाबा : हो, चमच्याने.

आई : कोण म्हणालं चमच्याने?

बाबा : मीच म्हणतो की. नेहमी सांगतो तेव्हा तसंच—

आई : तुम्ही तसं सांगता! तुम्ही व्हरांड्यात बाकावर बसला होतात! जीभ टाळ्याला चिकटली होती माझी, मागून मागून थकले, थेंब दिला नाही कुणी. चमच्याने म्हणे!

ठमी : मग काय झालं होतं, आई?

आई : काही नाही. जुनं झालं ते. हा दोरा ओव सुईत, मला दिसत नाहीये.

ठमी : दे इकडे. ओवते. तू सांग.

आई : मोठ्या डॉक्टरांचा राउंड होता. ते आले की वॉर्ड कसा चिडीचूप लागायचा. लांबलचक खोली होती ती, खाटेला खाट लागलेली, मधे हिरवे पडदे. तेही अपुरे, खालून सगळ्यांच्या चपला दिसायच्या. पलीकडच्या खाटेवरची बाई चादरीचा बोळा तोंडात कोंबून पडली होती. मला वाटलं, असंच करायचं असतं. आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं ना. पण कळ आली आणि मी ओरडले. तशी ती धावत आली. "डॉक्टर आलेत, आवाज बंद." म्हटलं, सिस्टर, नाही हो राहवत. तर म्हणाली... जाऊ दे.

ठमी : काय म्हणाली?

आई : तुझ्या बाबांसमोर नको.

बाबा : मी जातो बाहेर.

आई : नको. इतकी वर्षं बाहेरच होतात, आता बसा. म्हणाली, "तेव्हा गोड लागलं होतं ना? मग आता कशाला बोंबलतेस?"

बाबा : असं म्हणाली?

आई : सगळ्या वॉर्डासमोर. आणि तोंडावर पंजा ठेवून दाबलं. मला सर्दी झाली होती त्या आठवड्यात, नाक पार चोंदलेलं. श्वास घ्यायला वाटच नाही. मी मान हलवली, तिने आणखी दाबलं. पडद्याखालून डॉक्टरांचे बूट जाताना दिसले मला. काळे, चकचकीत. मग चावले. रागाने नाही चावले गं. हवा पाहिजे होती मला.

ठमी : आई...

आई : मग काढला हात. आणि त्याच हाताने मांडीवर एक ठेवून दिली. सणसणीत. तू यायच्या जरा आधी.

बाबा : हे तू मला कधी बोलली नाहीस.

आई : विचारलंत कधी? ती बाहेर आली, तुम्हाला हात दाखवला. त्यावर तुम्ही काय केलंत, सांगा लेकीला.

बाबा : मी... हात जोडले.

आई : "माफ करा सिस्टर, ती जरा तापट आहे." अक्षरन् अक्षर ऐकलं मी. तुमचं मला ऐकू येत होतं, माझं तुम्हाला येत नव्हतं!

बाबा : आतून तुझा आवाजच येत नव्हता गं. इतर बायकांचे यायचे अधूनमधून. शेजारच्या माणसाला मी म्हटलंही, आमच्याकडे कसं अगदी शांतपणे चाललंय.

आई : शांतपणे!

बाबा : मला काय ठाऊक...

आई : आणि घरी निघताना? ही माझ्या हातात, टाके ओले, पाय लटलटतायत, आणि तुम्ही म्हणालात, "जाताना सिस्टरना सॉरी म्हण, बरं दिसतं." म्हटलं मी सॉरी! तिने माझ्या पाठीवर थोपटलं. "असू दे, होतं असं पहिलटकरणीचं." मोठ्या मनाची बाई! माझी माफी कोण मागणार होतं? ते बूटवाले?

ठमी : मग तू हसायचीस कशी, आई? इतकी वर्षं?

आई : यांनी पहिल्यांदा सांगितली ती तू तान्ही असताना आमच्याकडे मंडळी बाळ बघायला आली होती तेव्हा. सगळे खो खो हसले. म्हणाले, वाघीण आहे तुमची बायको. मला बरं वाटलं. चावलेली बाई म्हणून ओळखतात ना, ओळखू देत. मार खाल्लेली बाई कुणाला दाखवायची? मग तेच खरं वाटायला लागलं. टॉवेलबिवेल मी मागाहून घातलं त्यात.

बाबा : आता नाही सांगणार मी पुन्हा.

आई : का नाही? सांगा ना! पण तिचा पंजा कुठे होता तिथून सुरू करा, आणि तुम्ही हात जोडलेत तिथपर्यंत न्या. बघू कोण हसतं ते.

बाबा : असं तोडून बोलू नकोस.

आई : बोलणार. आज बोलणार. तुमचं तेल सांडतंय.

ठमी : राहू दे, बाबा, मी पुसते.

आई : तू वाकू नकोस! पुसतील ते. मला एक सांग, तिथे तुझ्या तोंडावर कुणी हात ठेवला तर?

ठमी : नाही ठेवणार. आता हात लावायच्या आधी विचारतात, आई.

आई : काय विचारतात?

ठमी : तपासू का, हात लावला तर चालेल का. आपण थांबा म्हटलं की थांबतात. निदान वर्गात तरी तसं सांगितलंय, आणि आम्ही जाऊन बोलून आलोय त्यांच्याशी.

आई : तोंडाने विचारतात? बाळंतिणीला?

ठमी : हो.

आई : एवढं सोपं होतं? मग आमच्या वेळी काय वाचा बसली होती त्यांची? दोन शब्द! त्याला कुठलं मशीन लागत होतं, सांग मला!

ठमी : चिड. चांगलं आहे. पण तू आत येशील का?

आई : आता दया आली होय माझी?

ठमी : दया नाही. मला भीती वाटते. त्याला बिचाऱ्याला मी ओरडले की वाटेल, मी मरतेय. तुला कळेल ओरडणं म्हणजे काय ते. आणि कुणी गप्प बस म्हटलं, तर तू गप्प बसणार नाहीस.

आई : आणि त्याला बाहेर बसवणार?

ठमी : एका वेळी एकच माणूस, असा नियम आहे.

आई : मग आळीपाळीने जाऊ. त्याला बाहेर ठेवू नकोस, ठमे. घेरी आली तर येऊ दे, फरशीवर पडेल, आणखी कुठे जाणार आहे? पण आत असू दे. बाहेर बसलेल्या माणसाला काय कळतं ते बघितलंस ना आत्ता.

बाबा : ऐकतोय मी.

आई : ऐकण्यासाठीच बोलतेय. बरं, मी काय करायचं असतं तिथे? शिकव मला. उगाच मध्ये लुडबुड नको.

ठमी : इथे, कमरेच्या खाली तळहात ठेव. कळ आली की दाबायचं. त्याहून जोरात. हं. आणि मी श्वास सोडताना आवाज काढणार, खालून, पोटातून. तू पण माझ्याबरोबर काढायचास, म्हणजे मला लय सापडते.

आई : आवाज? मोठ्याने?

ठमी : मोठ्याने. असा. आऽऽऽ.

आई : आ.

ठमी : हा कुठला? मला शेजारी बसून ऐकू आला नाही.

आई : निघत नाहीये गं. इथेच येऊन अडतोय. दवाखान्यात, सगळ्यांसमोर?

ठमी : सगळ्यांसमोर. घाई नाही. तोंड सैल सोड. खांदे खाली. आता माझ्याबरोबर.

(दोघी श्वास घेतात. पहिल्यांदा फक्त मुलीचा आवाज येतो, दुसऱ्यांदा आईचाही.)

बाबा : खिडकी लावू का? खाली माणसं वर बघतायत.

आई : उघडी राहू द्या.