कमरेची शिवण आणि गार बटाटा

— नाही, पोट आत ओढू नका. सगळे ओढतात. टेप कमरेला लागली की माणूस श्वास धरतो, जसा काही मी फोटोच काढतोय. सोडा. अजून सोडा. मी आहे इथेच उभा, मला घाई नाही, कधी ना कधी श्वास घ्यावाच लागेल तुम्हाला. हां, असं. आणि मगाशी काय म्हणालात — बटाटा सोडलाय? पार सोडला? तरी म्हटलं चेहरा असा का उतरलाय. कोणी सांगितलं? ऑफिसातल्या मित्राने. आणि त्याला कोणी सांगितलं? ते नाही माहीत. बघा, बटाट्याचं असंच आहे, जो तो छातीठोकपणे सांगतो आणि ठाऊक कोणालाच काही नसतं. मलाही नव्हतं. आमच्या घरात या बटाट्यावरून इतकं महाभारत झालं म्हणून कळलं, नाहीतर मी आपला कात्री चालवत बसलो होतो. हात वर करा जरा.

माझे सासरे. अण्णा म्हणतो आम्ही त्यांना. पोस्टमन होते. उभा जन्म खांद्याला पिशवी अडकवून चालले — चढ, उतार, जिने, कुत्री — आणि तिन्ही त्रिकाळ बटाटा. उकडलेला, तळलेला, कुस्करून वर लोणी सोडलेला, कसाही. काही झालं का? काही नाही. होणार कसं? सकाळी खाल्लेलं दुपारपर्यंत रस्त्यावर जिरवून यायचे. मग निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, अण्णा आमच्याकडे राहायला आले — आणि पाय थांबले. बटाटा थांबला नाही. खिडकीतली खुर्ची, समोर रस्ता, मांडीवर ताटली. एकदा पायाची जखम बरी होईना म्हणून रक्त तपासलं तर साखर ही एवढी. आमची ही — तुम्ही पाहिलंय तिला, मागे बसून काज-बटणं करते ती, अण्णांची एकुलती एक लेक — तिने त्याच संध्याकाळी बटाटा घरातून हद्दपार केला. टोपलीसकट. टोपलीत कांदेही होते, तेही गेले.

अण्णा भांडले? अजिबात नाही. पोस्टमन माणूस, बंद दार दिसलं की फटीतून आत सरकवायची सवय. एक दिवस मला म्हणाले, कोटाचा खिसा उसवलाय, जरा बघता का. मी अस्तर उलटं केलं तर तेलाचा डाग. चाचपलं तर आत दोन तळलेले काप, गारढोण, चामड्यासारखे वातड. म्हटलं, अण्णा, हे काय? त्यांनी चष्मा लावला, काप नीट निरखून पाहिले, आणि म्हणाले, "जावईबापू, हे पत्ता चुकून आलेलं दिसतंय." मी डाग काढून दिला. काप? काप मी खाल्ले. टाकून कसे देणार, अन्न आहे.

पण हिच्या नाकाला कळलंच. आणि मग हिने मला जे सांगितलं ना — हलू नका, पायाचं माप घेतोय — ती म्हणाली, "अहो, तुम्ही शिंपी ना? मग अण्णांच्या पँटी कमरेत थोड्या आत घ्या. गुपचूप. घट्ट झाल्या की आपोआप घाबरतील." मी म्हटलं, बरं दिसत नाही गं, इमानाने धंदा करतो मी. ती म्हणाली, घ्या. आता बायकोचं आणि गिऱ्हाइकाचं एकच असतं बघा, वाद घालायचा नसतो, नाही पटलं तरी शिवून द्यायचं. घेतल्या आत. दुसऱ्या दिवशी अण्णा खोलीतून बाहेर येईनात. डोकावलो तर बटणाशी झटापट चाललेली. मला विचारतात, "हे कापड आटतं का हो?" मी म्हटलं, नाही अण्णा, हे आटत नाही. "मग काय झालं असेल?" आणि स्वयंपाकघरातून ही, अगदी गोड आवाजात — "तुम्हीच विचार करा."

केला ना विचार. असा केला की जेवणच सोडलं. सकाळी उठायचे, डॉक्टरांनी दिलेली साखर उतरवायची गोळी घ्यायचे आणि निघायचे चालायला. काही खाल्लं का विचारलं तर, खाल्लं. कुठे खाल्लं? बाहेर. ही खूश. मला म्हणते, बघा, लागू पडलं, अजून थोडी आत घ्या. आणि मी — काय म्हणतात ते — नंदीबैल — घेतली. माणूस वाळत चाललाय आणि पँट त्याच्या पुढे पळतेय. बिचारे गाठू तरी कसे शकणार? एका दुपारी नाक्यावरचा औषधवाला त्यांना दंडाला धरून दुकानात घेऊन आला. इथे, या स्टुलावर बसवलं. घामाने निथळत होते, हात थरथरत होते, आणि त्या औषधवाल्याला पुन्हा पुन्हा विचारत होते, "सही कुठे करताय? सही केल्याशिवाय मला देता येणार नाही." चाळीत शिरून तीन दारं वाजवली होती म्हणे. हातात काहीच नव्हतं, तरी टपाल वाटत होते. औषधवाल्याने ओळखलं म्हणून बरं — साखर वाढली नव्हती हो, पार उतरली होती. पोटात गोळी, वर चालणं आणि अन्नाचा कण नाही. साखरेचं पाणी पाजलं, हळूहळू भानावर आले. आणि ही त्या शिलाईच्या मशीनला धरून उभी. मग खाली बसली आणि अण्णांच्या पँटचं बटण काढून टाकलं. कात्री हाताशी होती, पण दातांनी तोडला दोरा.

दुसरा पाय पुढे.

मग डॉक्टरांनी पाठवलं दवाखान्यातल्या एका आहारवाल्या बाईंकडे. तरुण बाई, शांत. त्यांनी गोळीचं डॉक्टरांना विचारून ठरवायला सांगितलं आणि अण्णांना म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला खायला काय आवडतं?" अण्णांनी आधी लेकीकडे बघितलं. मग म्हणाले, "भोपळा." बाई म्हणाल्या, खरं सांगा. मग अण्णा इतक्या हळू आवाजात — जसं एखाद्या जुन्या मैत्रिणीचं नाव घ्यावं — "बटाटा." आणि बाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, मग खा की. आमची ही खुर्चीतून अर्धी उठली. बाई म्हणाल्या, बसा. बटाटा वाईट नाही, तो कसा शिजवता, किती घेता, कशाबरोबर खाता आणि खाऊन काय करता, सगळं तिथे आहे. गरमागरम कुस्करलेला पोटात गेला की साखर भसकन वर. तोच सालासकट उकडा, रात्रभर गार होऊ द्या, दुसऱ्या दिवशी खा, साखर सावकाश चढते. का? तर गार होताना त्याचं पीठ घट्ट होतं, पोटाला ते चटकन सोडवता येत नाही. मला ताबडतोब कळलं. म्हटलं, बाई, म्हणजे कुस्करलेला म्हणजे कच्चा टाका, ओढला की सर्रकन उसवला, आणि गार म्हणजे दुहेरी शिवण. बाई म्हणाल्या, असं कोणी सांगितलं नव्हतं मला, पण चालेल. नंतर जरा कोमट केला तरी चालतो म्हणाल्या. फक्त मूठभर, ताटभर नव्हे. सोबत दही, अंडं, शिजवलेलं कडधान्य, पालेभाजी असं काही हवं. आणि जेवलं की खुर्ची नाही — उठायचं, चालायचं. आणि रिकाम्या पोटी गोळी घेऊन भटकायचं नाही, हे अण्णांच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

झालं, घराची प्रयोगशाळा झाली. बोट टोचून साखर बघायचं ते छोटं यंत्र आणलं. एक दिवस कुस्करलेला बटाटा — आकडा आकाशात. एक दिवस तळलेला — आकडा लगेच उडाला नाही, अण्णा असे हसले, म्हणाले, बघ, तळलेलाच चांगला. पण चढला तो उतरेचना, आणि वर ते तेल, ते काय हवेत जातं? आणि मग गार बटाटा, साल न काढता, दह्यात, वर मिरपूड, मागून नाक्यापर्यंत चक्कर — आकडा शहाण्या मुलासारखा. अण्णा यंत्राकडे असे बघायचे, जसं मनीऑर्डर आलीय. पण ही म्हणाली, एकट्याचं काय खरं, प्रत्येकाचं अंग वेगळं, शेजारी दुसरा कोणीतरी धडधाकट माणूस हवा ताडून बघायला. आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, द्या. मला सुईची काय भीती? शिवाय मी — म्हणजे आता तुमच्यासमोर सांगायला हरकत नाही — मी लग्नातली पँट आजही घालतो. तीच कंबर. इतकी वर्षं अण्णांना, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना सांगत आलोय, बघा, माणसाने कसं राहावं. टोचलं बोट. आणि आकडा—

— जाऊ द्या. खडू कुठे ठेवला मी?

बरं, सांगतो. अण्णांपेक्षा वर. बराच वर. ही तेव्हा दूध उतू गेलं म्हणून आत गेली होती. अण्णांनी यंत्र झटकलं, फुंकर मारली, म्हणाले, दुसरं बोट द्या. दुसऱ्या बोटाचाही तोच. अण्णा म्हणाले, "जावईबापू, हेही पत्ता चुकून आलेलं दिसतंय," आणि यंत्र खिशात घातलं. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. पण माझं म्हणणं, असं कसं होईल? कंबर तीच आहे ना? दुकानात आलो, पडदा ओढला, ती लग्नातली पँट काढली आणि उलटी करून बघितली. आणि साहेब, ती शिवण माझी नव्हती. मी माझा टाका आंधळा झालो तरी ओळखीन. कंबर सोडलेली होती. एकदा नाही — आत दुमडलेलं मार्जिनचं कापड संपेपर्यंत सोडली होती, आणि मार्जिन संपल्यावर मागे एक पट्टी घातली होती. त्याच रंगाची, त्याच विणीची. कुठून शोधून आणली असेल देव जाणे. इतका बारीक टाका की चार माणसांच्या पँटी रोज उलट्यासुलट्या करणाऱ्या मला — नाही कळलं. सगळ्या पँटी तशाच होत्या. अण्णांच्या आत, माझ्या बाहेर. बापाला घाबरवलं आणि मला... मला नाही घाबरवलं तिने. का असेल? मी विचारलं नाही. परत चढवली पँट आणि पडदा सरकवला. फक्त त्या संध्याकाळी ताटं मांडली तर गार बटाटा दोन ताटांत. अण्णांना मूठभर, मला मूठभर. मी तिच्याकडे बघितलं, ती दही वाढत होती. म्हणाली, "चालायला जाताना अण्णांना एकटं सोडू नका." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे माझाही नंबर लावला होता.

डोळ्यांत काही नाही माझ्या, खडूची पूड आहे.

आणि एक सांगू का, मला राग नाही आला. कारण चांगला शिंपी हेच करतो. नेहमीचं गिऱ्हाईक आलं की त्याला घाबरवत नाही. नजरेने माप घेतो, कमरेत जरा सैल बेततो आणि पावतीवर जुनाच आकडा टाकतो. माणूस घरी जातो, पँट घालतो, म्हणतो वा, आहे तसाच आहे मी. तुम्ही नाही का दर वेळी म्हणता, काका, माझं माप काही बदलत नाही—

नाही, तसं नाही. तुमचं म्हणजे... मी आपलं सर्वसाधारण बोलत होतो. मागची पँट? मागची बरोबर होती. त्याच्या आधीची पण. म्हणजे अंगाला बरोबर होती. ओढू नका हो टेप, द्या इकडे. मोजायचंच आहे? बरं, मोजा, कंबर तुमची आहे. अहो, घाबरू नका, ती सेंटिमीटरची बाजू आहे, त्या बाजूला सगळ्यांनाच धक्का बसतो. उलटी धरा. ही इंचाची.

हो. बरोबर वाचलंत.

बसा. पाणी घ्या. त्या मित्राचं ऐकून बटाटा सोडू नका, आधी तपासून घ्या, मग एखाद्या अशा बाईंना विचारा. आणि हे कापड परत न्या. खरंच, न्या. आत्ता शिवलं तर मला पुन्हा खोटं शिवावं लागेल, आणि घरी कळलं तर... ते बघा, अण्णा आलेच, बाहेरून काच वाजवतायत, आमची फिरायची वेळ झाली. ते थांबत नाहीत कोणासाठी, टपालाची सवय आहे. मी दिवा मालवतोय, पिशवी विसरू नका. तिकडे नको, तिकडे आरसा आहे. दार इकडे.