डाव्या हाताचं अर्धं

आमचं घराणं मेस्त्र्यांचं. माझा बाप होड्या बांधायचा, त्याचा बाप होड्या बांधायचा, त्याच्या मागचं मला ठाऊक नाही आणि ठाऊक नाही ते मी सांगणार नाही. मालवणच्या किनाऱ्यावर, बंदरापासून जरा बाजूला, माडांच्या सावलीत आमची जागा आहे, तिथे एका वेळी एकच होडी उभी राहते. मी मराठी सातवीपर्यंत शिकलो, गणित माझं चांगलं होतं, मास्तर म्हणाले याला कारकून करा, बाप म्हणाला मग लाकडाची मापं कोण काढणार, आणि मी लाकडाकडे आलो. तुम्ही घाटावरचे म्हणून तुमच्या भाषेत बोलतोय, पण मध्येच मालवणी आली तर समजून घ्या, माणसं जे बोलली ते मला त्यांच्याच बोलीत आठवतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. होडी नवी असो की दुरुस्तीला आलेली असो, पाण्यात कधी घालायची ते मालक ठरवत नाही, मेस्त्री ठरवतो. काम संपलं की मेस्त्री होडीभोवती एक फेरी मारतो, फळीवर हात ठेवतो आणि म्हणतो, झाली. एवढा एक शब्द. मालक त्यावर उलट विचारत नाही, होडी तपासत बसत नाही, तसं करणं म्हणजे मेस्त्रीच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. माणसं होडीत चढतात आणि खोल पाण्यात जातात, त्या एका शब्दावर. बापाचा शब्द चालायचा, बापामागे माझा चालू लागला. काय सांगू तुम्हाला, हत्यारं काय, कुणाहीकडे असतात.

आता अपघात. त्यातलं मला काहीच आठवत नाही, हे दुसऱ्यांनी सांगितलेलं आहे, तेव्हा तुम्हीही ते तसंच धरा. गोवा सुटण्याआधी चार-पाच वर्षं असतील. डोलकाठी उभी करत होतो, दोर सुटला आणि काठी माझ्या उजव्या कानाच्या वर बसली. रक्त फार नव्हतं म्हणतात, पण मी उठेना. गावातले डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं, काळोखाची खोली, हलवायचं नाही, बोलायचं नाही, डोक्याला त्रास नको. दीड महिना मी तसा पडून होतो. त्या डॉक्टरांना पुढे लोकांनी नावं ठेवली म्हणून सांगतो, मला जिवंत त्यांनीच ठेवलं, आणि ते जेव्हा शिकले तेव्हा तसंच शिकवत असत.

दीड महिन्याने मी उठलो. डावा हात थोडा जड वाटायचा, पाय जरा घासायचा, बाकी बोलणं साफ, माणसं ओळखत होतो, आकडेमोड तोंडी होत होती. सगळे म्हणाले वाचला. मीही म्हटलं वाचलो. आणि मग घरात भांडणं सुरू झाली.

पहिलं भांडण लोणच्याचं. माझी बायको धामापूरची, तळ्याच्या गावची, होडीत कधी पाय न ठेवलेली, पण ताट वाढावं तर तिनेच, मीठ, लोणचं, चटणी डाव्या अंगाला, भाजी, आमटी उजव्या अंगाला, भात मध्ये, जसं सगळीकडे वाढतात तसं. मी म्हणायचो, लोणचा वाढूक नाय? ती म्हणायची, वाढलंय मा. मी म्हणायचो, खंय आसा? ती म्हणायची, तुमच्या ताटात आसा, आणि खंय आसतला. मी बघायचो तर नाही. भाताचंही तेच, अर्धा भात जेवून मी उठायचो आणि म्हणायचो आज भात कमी शिजवलास काय. ती ताटाकडे बघायची, माझ्याकडे बघायची. एके दिवशी चिडली आणि तिने ताट धरून गर्रकन फिरवलं, आणि काय सांगू, लोणचं आलं, चटणी आली, अर्धा भात आला. मी म्हटलं, बघ, आता वाढलंस. त्यावर ती जी रडली ते मला आठवतं, पण का रडते ते कळलं नव्हतं.

हे तुम्हाला नीट समजलं पाहिजे म्हणून थांबून सांगतो. लोक विचारतात, डावीकडे तुला काळोख दिसायचा का, धूसर दिसायचं का? नाही. काहीच कमी दिसत नव्हतं. तुमच्या पाठीमागे आत्ता काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, पण तिथे काळोख आहे असं तुम्ही म्हणता का? तसं. माझं ताट तेवढंच होतं. ती खोटं बोलत नव्हती आणि मीही खोटं बोलत नव्हतो, आणि एका घरात दोन माणसं खरं बोलत असून रोज भांडत होती.

दाढीचंही तसंच. मी उजवा गाल साफ करायचो आणि वस्तरा धुऊन ठेवायचो. न्हावी म्हणाला, मेस्त्री, दुसरी बाजू माझ्यासाठी ठेवलास काय, माझा पोट चलता ह्याची काळजी करतास? सगळे हसले, मीही हसलो, मला वाटलं त्याची काहीतरी चेष्टा आहे. कुणी म्हणालं बाहेरचं लागलं, देवळात गाऱ्हाणं घातलं गेलं, नारळ दिले गेले. कुणी म्हणालं मार बसल्यापासून मेस्त्री हट्टी झालाय. हट्टी, हा शब्द जास्त चालला.

आणि मग पास्कूची होडी. पास्कू म्हणजे पास्कल, किरिस्तांव, लहानपणापासूनचा माझा सोबती, त्याची आई गोव्याची. पाऊस सरला की होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी उकरायच्या, जुना कुजका कापूस काढायचा, नवा ठासून भरायचा आणि वरून राळ-तेलाचं लुकण द्यायचं, हे दर वर्षीचं काम. बायको म्हणाली होती, यंदा नको. पण ती भगवतीच्या देवळात ओटी भरायला माहेरी धामापूरला गेली आणि मी पास्कूला म्हटलं, आण होडी. तीन दिवस मी एकटा काम करत होतो, मन लावून, घाई न करता. मग फेरी मारली, फळीवर हात ठेवला आणि म्हटलं, झाली.

पास्कू आणि त्याचा भाऊ सकाळी गेले. खडक ओलांडेपर्यंत ठीक होतं, मग पाणी आत यायला लागलं, एका जागेहून नाही, दोन जागांहून. भाऊ पाणी उपसतोय आणि पास्कू वल्ही मारतोय असे ते परत आले, होडी काठापर्यंत भरलेली. भावाला पोहता येत नव्हतं, हे मला आधीपासून ठाऊक होतं. पास्कू वाळूवर उतरला आणि ओरडला, मेस्त्री, आमका बुडवतलंस काय रे? मी म्हटलं, माझं काम पुरं आहे, तुम्ही खडकाला लावली असणार. तो म्हणाला, खडकाक? मी? मी म्हटलं, मग कुणी लावली? असं आम्ही भांडलो, सगळ्या किनाऱ्यादेखत.

दुसरा कुणी असता तर निघून गेला असता. पास्कूने होडी आडवी करवली, फटींत बोटं घालत एक फेरी मारली, आणि मग दुसरी मारली. मग मला म्हणाला, हयसर उभो रव. होडीच्या एका अंगाला, तोंड फळ्यांकडे. माझा हात धरला आणि फटीवरून उजवीकडे नेला, नवा कापूस, घट्ट, माझंच काम, मी ओळखलं. मग तोच हात डावीकडे नेला, बराच डावीकडे, मला वाटलं हा आता मला होडीच्या बाहेर नेतोय, आणि बोट आत गेलं. गेल्या वर्षीचा कुजका कापूस, ओला, बोटाला लागून बाहेर आला. मग मला होडीच्या दुसऱ्या अंगाला नेलं, तिथेही तोंड फळ्यांकडे. उजव्या हाताचं अर्धं नवं, डाव्या हाताचं अर्धं जुनं. पास्कू म्हणाला, ऐक, एका अंगाक तू मागचा सोडलंस, दुसऱ्या अंगाक पुढचा सोडलंस. कामचुकार माणूस असो सोडीत नाय. तू जंय उभो ऱ्हवलंस थंय तुझ्या डाव्या हाताचा अर्धा ऱ्हवला.

मी वाळूवर बसलो. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली. डोळ्यांनी दिसलं नव्हतं ते बोटाला लागलं होतं. पण एक सांगतो, भीतीबरोबर थोडा आधारही वाटला, का ते आत्ता सांगता येईल, तेव्हा सांगता आलं नसतं. चूक नियमाने होत होती. वेडा माणूस कुठेही चुकतो, मी एकाच जागी चुकत होतो, आणि जे नियमाने होतं त्याचं माप घेता येतं.

बायको परत आली, पास्कूने तिला सगळं सांगितलं, ती म्हणाली, लोणचा! एवढंच म्हणाली. मग आम्ही तिघं फोंडा घाटाने कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला होडी काढायला सांगितली, मी काढली, बायकोने कागद बघितला आणि तोंड फिरवलं, पुढे मला कळलं की मी अर्धीच काढली होती. ते म्हणाले, डोळे चांगले आहेत मेस्त्री, डोळ्यांनी आणलेलं मेंदू डावीकडून उचलत नाही. मी विचारलं, बरं होईल? ते म्हणाले, पूर्वी अशा माणसाला महिनोन् महिने निजवून ठेवत, मग लढाईत डोक्याला मार लागलेले पुष्कळ सैनिक वाचले, आणि त्यांच्यात असं दिसलं की लवकर उठवून जमेल त्या कामाला लावलेले जास्त सावरले. पण सगळे नाही. कुणाचं काय परत येईल ते आज कुणी सांगू शकत नाही, याची पुस्तकं अजून लिहिली जातायत, मी तुम्हाला खात्री देत नाही. खात्री देत नाही म्हणाले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या कामात सुरुवात कुठून करता? मी म्हटलं, सुतापासून, आधी सूत ताणायचं, मग त्यापासून मापं घ्यायची. ते म्हणाले, मग डाव्या टोकाला काहीतरी लाल बांधा, आणि ते हाताला लागल्याशिवाय सुरुवात करायची नाही. शोधायला लावा यांना, बायकोला म्हणाले, तुम्ही दाखवू नका.

तिने ते शब्दशः धरलं. घरात ताटाच्या डावीकडे पाण्याचा तांब्या, तांब्या हाताला लागल्याशिवाय पहिला घास नाही. मी म्हणायचो, तांब्या नाय गो, तू ठेवूकच नाय. ती म्हणायची, आसा, आणखी सोधा. भूक लागलेली असायची, मी तिला काय काय बोललो ते मी सांगत नाही. होडीवर प्रत्येक फटीच्या डाव्या टोकाला लाल चिंधी, मी फळीवर हात सरकवत सरकवत जायचो, पुष्कळदा अर्ध्यातच वाटायचं की संपलं, फळी इथे संपली. संपलेली नसायची. आणि माझ्या मागून ती, लुगड्याचा काष्टा मारून, अंगठ्याने फट दाबत. मऊ लागलं की म्हणायची, हयसर. काही वर्षं असं चाललं. आधी जुन्या फळ्यांवर, मग तुटक्या होड्यांवर, कुणाची पाण्यात जाणारी होडी कुणी देईना, आणि मी मागितलीही नाही.

गोवा सुटला त्याच्या पुढच्या वर्षी पास्कूला नवी होडी हवी होती. लोक म्हणाले, देवगडच्या मेस्त्रीकडे जा. त्याच्या भावाने तर शपथ घातली. पास्कू माझ्याकडे आला आणि म्हणाला, बांधतलंस? मी म्हटलं, विचार कर. तो म्हणाला, केलो विचार, तुझी चूक खंय होता ती माका ठावक आसा, देवगडच्या मेस्त्रीची खंय होता ती माका ठावक नाय.

बांधली. पाण्यात घालायच्या दिवशी सगळा किनारा जमला होता, थोडे होडी बघायला, पुष्कळसे मला बघायला. पाद्री पवित्र पाणी घेऊन उभे, भरती पुरी आलेली. पास्कूने रीतीप्रमाणे विचारलं, मेस्त्री, झाली? मी फेरी मारली होती, चिंध्या सगळ्या हाताला लागल्या होत्या, माझ्या हिशेबाने झाली होती. शब्द तोंडात आला होता. मी म्हटलं, माका इचारू नको, हिका इचार.

बायको पुढे झाली. एवढ्या माणसांत, पाद्र्यांसमोर, ती अंगठा दाबत होडीभोवती फिरली, घाई नाही, लाज नाही. पलीकडच्या अंगाला थांबली, पुन्हा दाबलं. म्हणाली, झाली नाय. वीतभर जागा होती, जास्त नाही. कुणीतरी हसलं. भरती उतरायला लागली होती, पाद्री म्हणाले मी थांबतो, पण समुद्र काही थांबला नाही. मी कापूस घेऊन खाली बसलो आणि पास्कू माणसांना म्हणाला, घराक जावा, फाल्यां येवा. दुसऱ्या दिवशी तिने झाली म्हटलं, मग होडी गेली. पास्कूचा भाऊ पहिला चढला.

आता मी पन्नाशीला आलोय. काम येतं, पूर्वीइतकं नाही, पुरेसं येतं. डावीकडचं परत आलं का विचाराल तर थोडं आलं, सगळं नाही, दमलो की अजून जातं. काल तुम्ही माझ्या डावीकडे बसून नमस्कार केलात आणि मी उत्तर दिलं नाही, ते गर्वाने नव्हे. आमच्या जागेवर झाली हा शब्द आता माझा नाही, तो तिचा आहे, ती धामापूरची बाई, अजून होडीत बसलेली नाही. पहिली काही वर्षं मला ते टोचायचं. आता टोचत नाही असं म्हणालो तर ते खरं होणार नाही, कमी टोचतं. पण तिच्या शब्दावर गेलेली माणसं संध्याकाळी परत येतात, मी ती वाळूवरून मोजतो, आणि मोजून झाल्यावर ती पण मोजते. तुमच्या घरात कुणाच्या डोक्याला मार न लागो, आणि लागलाच, तर त्याच्यामागून अंगठा दाबत चालणारं कुणीतरी त्याला मिळो.