बाबांची गोळी

गाझियाबादच्या एका हॉस्पिटलात, आयसीयूबाहेर, माझ्या शेजारी भाऊ-बहीण बसले होते.

“मृणाल, बाबांची हृदयाची गोळी रोज सकाळी मी देतो ना यार.”

“तू विसरशील म्हणून मीही देत होते, दादा.”

“आणि रुचिराही.”

“वहिनी कधीपासून एवढी काळजी घ्यायला लागली?”

“तू माहेरी आल्यापासून.”

“आठवडाभर बाबा रोज तीन गोळ्या घेत होते?”

“नाही म्हटलं तर कुणीतरी रुसतं, असं शुद्ध जाण्याआधी डॉक्टरांना म्हणाले.”

“मशीन रक्तातलं औषध गाळून काढतंय ना? वाचतील ना रे?”

“नाडी सुधारतेय म्हणे.”

नर्स बाहेर आली. “अंकलजी को होश आ गया. पानी माँग रहे हैं.”

“मी पाजते.”

“तू बस, मी पाजतो.”

“रुकिए. बोले हैं, घरवालों के हाथ से नहीं.”