समोरच्या ओट्यावरून

सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हाची गोष्ट. लिंबायतच्या दवाखान्यात गोळ्या वाटणाऱ्या लोटननं रुमालाआडून तिसऱ्यांदा हाक मारली, "भटू महाजन!" बाकावरचा म्हातारा हललासुद्धा नाही. लोटन चिडला. तेवढ्यात रांगेतल्या दोघींचं बोलणं त्याच्या कानावर आलं.

"भटूभाऊंना हाका मारतोय गं तो."

"मारू दे. तीस वर्षं कापडाचे लूम चालवून कान गेले त्यांचे. ओठ बघून समजतं त्यांना."

"आणि आता सगळ्यांचे ओठ रुमालात!"

"तेच तर मनाला लावून घेतलं. त्यांना वाटलं, गल्लीनं आपल्याशी बोलणंच टाकलं. चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडले, घास घेतला नाही."

"मग उठवलं कोणी?"

"समोरच्या सुंदरावहिनीनं. खिडकीतून खडा मारला! ती लूमच्या कारखान्यात सुताच्या बॉबिन भरते ना, तिथल्या खडखडाटात सगळे बिनआवाजाचंच बोलतात. तशीच रोज रुमाल काढून तासभर आपल्या ओट्यावरून ओठ हलवत बसायची."

"एवढं काय सांगायची?"

"डाळ करपली, नवऱ्याशी वाजलं, सगळं! गल्लीला पत्ता नाही, आणि भटूभाऊ हसून हसून बेजार."

"धन्य बाई आहे!"

लोटन दोन पावलं मागं सरला. म्हाताऱ्याची नजर वर येईपर्यंत त्यानं हात हलवला, रुमाल खाली ओढला आणि आवाज न काढता विचारलं, "जेवलात का, भटूभाऊ?"

"जेवलो!" सगळा दवाखाना दचकला. "तू जेवलास का रे?"