सासूबाईचं इंग्रजी

अरे, ऐका तर! हदगावच्या बसमध्ये माझ्यापुढं एक नऊवारीतली सासू अन् तिची सून बसलेली. सून नांदेडला पोलीस भरतीचं ग्राउंड देऊन आलेली. सासूचं बोलणं ऐकून मी तर हादरलोच!

“वॉर्मअप केलं होतंस ना?”

“हाव, आत्याबाई.”

“मंग हॅमस्ट्रिंग कशी धरली?”

“शेवटी स्प्रिंट मारली ना! पण टायमिंगमध्ये आले.”

“झ्याक! आता लेखीला लाग.”

“मामंजींना काय सांगितलंत?”

“माहूरला देवीला चाललो म्हणून.”

“अगं बया! देवीचं नाव खोटं घेतलंत?”

“देवी समजून घेते. तुझा सासरा न्हाई घेत.”

“अन् मी लंगडून राहिले, ते?”

“गडाच्या पायऱ्या चढून पाय धरला म्हण. अन् हे बघ, घरात इंग्रजी बोलायचं न्हाई!”