राखणीचा माळा

डॉक्टर : पावसाआधी गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हाच बजावलं होतं ना, आठवड्यात परत या म्हणून? आता भातकापणी उरकली. झिपरू, बायकोच्या छातीतली गाठ केवढी वाढलीय बघ!

झिपरू : निघालो होतो बाई. ठमीचं लुगडं गाठोड्यात बांधलं पन होतं. तेवढ्यात पाड्यावरचे सगळे जमले. चिंधू बोलला, बोईसरला त्याच्या कंपनीत फोरमनच्या बायकोची गाठ कापली, तं रोग अंगभर पांगला. दुखत नाय ती गाठ कशाला डिवचता? ठकीआजीनं पाला बांधला. पाड्याचं मोडून कसा येनार?

डॉक्टर : आणि आज?

झिपरू : आज ते पन आलेत. टेम्पो भरून. व्हरांड्यात बसलेत. त्यांना विचारतो, मग कापायच्या कागदावर अंगठा देतो.

ठमी : तू गप रं जरा. बाई, मला एक सांग. अंगात रोग शिरला तं अंगाची राखन करनारा कोनी नसतो का?

डॉक्टर : असतो ना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांतल्या काहींना टी पेशी म्हणतात. बिघडलेली पेशी ओळखायची आणि मारायची, हेच त्यांचं काम. तुझ्या तुकड्यात दिसल्या मला तशा, भिंगाखाली. गाठीपर्यंत पोचल्यात.

ठमी : पोचल्यात, तं मारीत का नाय?

डॉक्टर : गाठीच्या शेजारी दुसऱ्याही पेशी असतात. तुझ्याच अंगातल्या, चांगल्या. जखम झाली की भरून काढणाऱ्या. गाठ म्हणजे त्यांना जखमच वाटते. मग त्या राखणदारांना थोपवतात, उगी राहा, इथं मोडतोड नको. राखणदार ढिले पडतात. असं आता कुठं कळायला लागलंय.

झिपरू : म्हंजे शेजारी फितूर!

डॉक्टर : फितूर नाहीत रे. भलं करायला जातात, तेच वाईट आहे.

ठमी : चिंधूभाऊवानी.

झिपरू : त्याला कशाला मधी आनतेस?

ठमी : गेल्या साली शेतात राखनीच्या माळ्यावर रातचा कोन होता? तूच ना? भातात खसफस झाली, तू भाला उचललास. बाजूच्या माळ्यावरनं चिंधूभाऊ वरडला, 'थांब, गोमाची गुरं सुटलीत, गाय मरंल!'

झिपरू : त्याला खरंच गुरं वाटली.

ठमी : मी कुठं खोटं म्हनते? त्याला गाईची काळजी. तू भाला ठेवलास. सकाळी बघतो तं डुकरांनी भात आडवं केलेलं. मग रानातले कंद उकडून खाल्ले आपन.

झिपरू : बाई... त्या राखनदारांना उठवायचं औषध नाय का?

डॉक्टर : परदेशात धडपड चाललीय. माझ्याकडे नाही. माझ्याकडे सुरी आहे, आणि नंतर उरलासुरला रोग जाळायला मुंबईला विजेचा शेक.

ठमी : मी वाचंन?

डॉक्टर : पावसाआधी आली असतीस तर जास्त भरवसा दिला असता. आता काखेतही गाठी लागतायत. खोटं नाही बोलणार. तुमच्या पाड्याचा राग येतो मला, पण रागावू तरी कुणावर? पाला बांधणारी म्हातारी बाहेर तुझ्यासाठीच रडतेय.

झिपरू : मला भ्या वाटतं, ठमे. तू गेलीस तं पाडा म्हनंल, झिपऱ्यानं बायको कापायला दिली.

ठमी : आन् नाय कापली तं राहीन का मी?

(दारावर थाप पडते.)

झिपरू : चिंधू असंल. काय ठरलं ते विचारतोय.

ठमी : बाई, शाई आन. अंगठा माझा हाय, मीच देते.

डॉक्टर : आणि बाहेरच्यांना काय सांगायचं?

ठमी : हा सांगंल. जा रं. चिंधूभाऊला वाकडं बोलू नको, आपलाच हाय. नुसतं एवढं सांग, गुरं नाय ती.