मायच्या कीर्तनातली ज्वारी

अकोला स्टेशनच्या आरक्षणाच्या रांगेत एका माणसाला सरासरी चार मिनिटं लागत होती, हे चारुशीलाने घड्याळ लावून पाहिलं होतं. तिच्या पुढे साठी उलटलेले बहीणभाऊ उभे होते. बहिणीच्या हातात उघडी वही होती.

“ताई, ठाण्याच्या पोरी तीन वर्षं झाली बोलावून राहिल्या तुले. आपल्या बेने इस्रायली ज्यू लोकाइच्या शिबिरात मायचं कीर्तन शिकवाले.”

“तिथं हिब्रू शिकलेली माणसं येतात, एलायजा. अन् माय गाये, दुष्काळात योसेफाचे भाऊ मिसरात ज्वारी मागाले गेले. इजिप्तात कुठची ज्वारी? हसतीन मले.”

“माय जनमभर अकोल्यात राह्यली. तिनं दुसरं काय मागाले लावलं असतं?”

“म्हणून मी गहू केला. हे पाह्य.”

“गाऊन दाखव.”

ताई हलक्या आवाजात गायल्या, अडल्या, पुन्हा गायल्या.

“चालीत बसत नाही,” त्याच म्हणाल्या.

“चाळीस वर्षं शाळेत पोराइच्या वह्या तपासल्या, आता मायची वही तपासून राहिली.”

“तू गप. पेन दे.”

त्यांनी ‘गहू’ खोडला.

“कोणी इचारलं, ज्वारी काहून, तं?”

“सांगजो, आमच्या घरी तेच शिजे.”

खिडकीतून आवाज आला, “बोला आजी, कुठलं?”

“ठाण्याचं. एकच द्या. मी शिकवाले चालली.”